श्रोत्यांमधून एक प्रश्न

दर महिन्याच्या अखेरीस विद्यापीठ पुढच्या महिन्यातल्या कार्यक्रमांचं पत्रक काढतं. पूर्वी ते फाटकाजवळच्या फलकावर लागायचं, आता मोबाइलवर येतं. मोबाइलवर वाचून माझं समाधान होत नाही. मी अप्पा बळवंत चौकात जाऊन त्याची प्रत छापून घेतो आणि घरी येऊन लाल पेन्सिलीने खुणा करतो. व्याख्यानाला गोल, प्रदर्शनाला फुली, गाण्याच्या कार्यक्रमाला नुसती रेघ, कारण गाण्यानंतर प्रश्न विचारू देत नाहीत.

मी अनंत बेहेरे, वय बहात्तर, भूगोलाचा निवृत्त शिक्षक, राहणार शनिवार पेठ. गेल्या चौदा वर्षांत विद्यापीठातलं एकही खुलं व्याख्यान मी चुकवलेलं नाही आणि एकाही व्याख्यानानंतर हात वर केल्याशिवाय घरी आलेलो नाही. आमचा पाच जणांचा गट आहे. त्यातले अभय खाडिलकर बँकेतून निवृत्त झालेले. ते व्याख्यान सुरू झालं की डोळे मिटतात आणि माझा प्रश्न सुरू झाला की उघडतात. बाकीचे तिघे चहासाठी येतात असा माझा समज आहे, पण तो मी त्यांना बोलून दाखवत नाही. वक्ता कितीही नामांकित असो, त्याच्या भाषणात एक तरी चूक असतेच, आणि ती दाखवून दिली नाही तर श्रोत्याने आपलं काम केलं नाही असं मी मानत आलो. चार लोक वळून आपल्याकडे पाहतात, तेही मला आवडायचं. लपवण्यात अर्थ नाही.

यंदाच्या फेब्रुवारीच्या पत्रकात नेहमीचं सगळं होतं. भाषा गौरव दिनाचं कविसंमेलन होतं, विज्ञान दिनाला प्रयोगशाळा सगळ्यांसाठी खुल्या राहणार होत्या, फुलपाखरांच्या छायाचित्रांचं प्रदर्शन होतं. आणि नऊ तारखेला, सकाळी अकरा वाजता: ‘खुली मौखिक परीक्षा. विषय: मंडईतल्या भाजीवाल्या – जागा, गिऱ्हाइकं आणि सवयी. संशोधक: भाग्यश्री ढोके. सर्वांना प्रवेश.’

पीएचडीची शेवटची तोंडी परीक्षा अशी चारचौघांत घेतात. तिची सूचना आधी जाहीर करावी लागते आणि दार सगळ्यांना उघडं ठेवावं लागतं. एरवी तिथे त्या उमेदवाराचे मित्र आणि नातेवाईक सोडून कोणी जात नाही. पण मंडई म्हणजे माझ्या घरापासून दहा मिनिटांची वाट. मी गोल केला, आणि तोही दोनदा.

विभागाच्या छोट्या सभागृहात तीसेक खुर्च्या होत्या. पहिल्या रांगेत पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ मांडीवर पिशवी धरून ताठ बसले होते. ते मुलीचे वडील, बापूराव, यवतमाळकडच्या दारव्ह्याहून आलेले. भाग्यश्री तिशीच्या आतबाहेरची. सुरुवातीला तिचा आवाज जरा कापला, मग स्थिर झाला. तिने चाळीस मिनिटं फार चांगलं मांडलं. हे मी आज म्हणतो आहे, तेव्हा मी चूक शोधत होतो.

चूक मला नकाशात सापडली. साधारण पस्तीस वर्षांपूर्वी मंडईत कोण कुठे बसायचं, याचा नकाशा तिने अडतीस भाजीवाल्यांच्या सांगण्यावरून काढला होता. गिऱ्हाईक आणि भाजीवाली यांचं नातं त्या जागेवर कसं टिकतं, हे तिचं सगळं म्हणणं त्या नकाशावर उभं होतं. नकाशा म्हटलं की माझ्यातला मास्तर जागा होतो. फळ्यावर हातानं महाराष्ट्र काढावा तो बेहेरे सरांनीच, असं शाळेत म्हणायचे.

बाहेरगावहून आलेल्या परीक्षकांनी चार प्रश्न विचारले, तिने चारही नीट सोडवले. त्यांनी पेनाचं टोपण लावलंसुद्धा. मग विभागप्रमुखांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, की श्रोत्यांपैकी कोणाला काही विचारायचं आहे का. असं विचारलं की सगळ्यांनी इकडेतिकडे पाहायचं आणि मग टाळ्या वाजवायच्या, एवढाच तो प्रकार. मी हात वर केला.

“मी पन्नास वर्षं मंडईत जातो आहे,” मी म्हणालो. “पालेभाजीवाल्या दाराशी बसायच्या, पायऱ्यांलगत. आत कांदे-बटाटे. तुमच्या नकाशात त्या थेट आत, तिसऱ्या रांगेत दाखवल्या आहेत. नकाशाच चुकला तर त्यावर रचलेलं सगळं चुकलं. आपण जागेवर जाऊन पाहिलंत, की ऐकीव माहितीवर काढलात?”

खाडिलकरांनी डोळे उघडले. लोक वळले. भाग्यश्रीने पडद्यावरच्या नकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “मी तपासून सांगते, सर.”

परीक्षकांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. उमेदवार स्वतःच्याच नकाशाबद्दल ठाम नसेल तर मला सही करता येणार नाही, असं ते शांतपणे म्हणाले. श्रोत्याचा प्रश्न अहवालात लिहावा लागतो, तो लिहिला गेला, माझ्या पूर्ण नावासह आणि ‘पन्नास वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव’ या शब्दांसह. मार्गदर्शक डॉ. अवनी करंबेळकर मध्ये पडल्या. त्यांनी सांगितलं, की ही मुलगी चार वर्षं वारज्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते आहे, तिथे कायम जागा निघाली आहे, चोवीस तारखेला मुलाखत आहे आणि तिथे निकालाचं पत्र दाखवल्याशिवाय आत घेणार नाहीत. परीक्षक म्हणाले, की ते मी समजू शकतो, पण निकाल राखून ठेवावा लागेल. नकाशाचा लेखी खुलासा घेऊन वीस तारखेला पुन्हा बसू.

हे सगळं मी ऐकलं. ऐकून मला काय वाटलं, तर आपला प्रश्न किती मर्मावर बसला, एवढंच वाटलं. बाहेर व्हरांड्यात खाडिलकर म्हणाले, “अनंतराव, आज मान गये.” मी चहाचा कप हातात घेऊन विनयाने हसलो.

तेवढ्यात टोपीवाले गृहस्थ जवळ आले. पिशवी अजून छातीशी धरलेली. त्यांनी आधी मला वाकून नमस्कार केला.

“साहेब, आत काय झालं थे मले समजलं नाही,” ते म्हणाले. “तुम्ही उभं राहून बोलले, म्हून तुम्हाले इचारतो. पोरगी पास झाली ना?”

त्यांना मी परीक्षकांपैकीच कोणी वाटलो होतो. मी म्हणालो, की कळवतील, थोडं काम राहिलं आहे. मग मला बस आहे असं सांगून निघालो. बस अर्ध्या तासाने होती.

घरी सुनीती मेथी निवडत बसली होती. सुनीती माझी बायको, लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली. कपडे न बदलताच मी तिला सगळा प्रसंग सांगितला, नकाशा, प्रश्न, परीक्षकांचं टोपण, सगळं. ती मान वर न करता काड्या मोडत होती. माझं संपल्यावर तिने विचारलं, “तुम्ही आत कधी गेलात?”

मी म्हणालो, कुठे आत.

“मंडईत. आत मी जायची. तुम्ही बाहेर उभे असायचात. आधी सायकल धरून, मग स्कूटर धरून.”

मला राग आला. खरं सांगायचं तर माणसाला असा राग समोरचा बरोबर असल्यावरच येतो. मी म्हणालो, की दर रविवारी कोण घेऊन जायचं तुला, पिशव्या कोण आणायचं? ती म्हणाली, पिशव्या तुम्हीच आणायचात, पायऱ्यांपासून घरापर्यंत. पालेभाजी कुठून घेतेस, असं मी चिडून विचारलं. तिसऱ्या रांगेतून, मुक्ताईकडून, लग्न झाल्यापासून, असं तिने सांगितलं. दाराशी बसतात त्या खेड्यांतून येणाऱ्या बायका, ज्यांना आत गाळा नाही. त्यांच्याकडची जुडी लहान असते.

“मग हे मला कधी सांगितलं नाहीस,” मी म्हणालो.

“पन्नास वर्षांत एकदा तरी विचारलंत का, आत काय असतं ते?”

एवढं बोलून तिने निवडलेली मेथी उचलली आणि ती स्वयंपाकघरात गेली. मी कपडे बदलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटा मंडईत गेलो. सुनीतीचं चुकत असेल, अशी आशा होती. पायऱ्या चढलो आणि लक्षात आलं, की इथून पुढे मला काहीच ओळखीचं नाही. उंच छत, ओट्यांच्या रांगा, वाट अडवून ठेवलेली पोती, सगळं नवं. पुण्यात जन्म गेला आणि घरापासून दहा मिनिटांवर मला वाट विचारावी लागली. तिसऱ्या रांगेत एक कृश म्हातारी शेपूच्या जुड्यांवर पाणी मारत होती. मुक्ताई त्याच का, असं विचारल्यावर तिने माझ्याकडे निरखून पाहिलं.

“शनिवारातले सर न्हवं का तुम्ही? बाई बऱ्या हायत ना?”

मी थक्क झालो. तिने मला कुठे पाहिलं होतं? एकदाच, ती म्हणाली, बाईंची पिशवी पायऱ्यांपर्यंत पोचवली होती तेव्हा, लांबून. पण बाई आल्या की घाई करायच्या. मुक्ताई, लवकर दे, सर बाहेर खोळंबलेत. दर रविवारी हेच. एकदा मुलीच्या लग्नाचं बोलायला त्या जरा बसल्या होत्या, तेवढ्यात बाहेरून हॉर्न वाजला आणि उठून गेल्या. त्यामुळे सर कोण ते तिला चांगलं ठाऊक होतं.

मी विचारलं, की तुम्ही इथे केव्हापासून बसता. तिने सांगितलं, की सासूच्या वेळेपासून, ह्याच ओट्यावर. पाचव्या रांगेतली पहिली जागासुद्धा पालेभाजीचीच होती, ती पुढे मिरचीवाल्यांकडे गेली. भाग्यश्रीच्या नकाशात ती पाचवी रांगही होती, मला आठवलं. मग मुक्ताई आपणहूनच त्या मुलीचं बोलायला लागली. पहाटे माल उतरायच्या वेळेला यायची, मागे पोत्यावर बसून लिहायची, गर्दी झाली की जुड्या बांधायला लागायची. सहा वर्षं.

“तिचं काय झालं म्हनायचं? परीक्षा होती न्हवं काल?”

दोन दिवसांत दुसऱ्यांदा हा प्रश्न मला विचारला गेला. या वेळी मी खरं सांगितलं. माझ्यामुळे अडकली, म्हणालो. मुक्ताईने पाण्याचा डबा खाली ठेवला. ती रागावली नाही, ओरडली नाही. फक्त म्हणाली, “मंग सोडवा की.” आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

मला फार लाज वाटली. मंडईतून मी थेट बसने विद्यापीठात गेलो आणि डॉ. करंबेळकरांना म्हणालो, की मी माझा प्रश्न मागे घेतो. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि पुणेरी थंडपणाने समजावलं, की सर, प्रश्न मागे घेण्याची नियमांत सोय नाही, आजवर तशी गरज कोणाला पडली नव्हती. भाग्यश्री खुलासा देईलच. पण अहवालात एका बाजूला अडतीस भाजीवाल्यांची तोंडी माहिती आणि दुसऱ्या बाजूला एका निवृत्त भूगोल शिक्षकाचा पन्नास वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव असं उभं आहे, आणि परीक्षक कोणाला मानतील ते त्या सांगू शकत नव्हत्या. मी काय करू, असं मी विचारलं. लेखी द्या आणि वीस तारखेला येऊन स्वतः सांगा, त्या म्हणाल्या.

घरी येऊन मी पत्र लिहायला बसलो. तीन पानं झाली. मंडईच्या रचनेत काळानुसार झालेले बदल, स्मरणशक्तीच्या मर्यादा, दृष्टिकोनांतला फरक, असं बरंच काही त्यात आलं. सुनीतीला वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, की यात तुम्ही आत गेला नव्हतात हे कुठे आहे. ते नव्हतं. मी ते तीन पानांत कुठेही लिहिलं नव्हतं. रात्री जेवणानंतर नवा कागद घेतला आणि दोन ओळी लिहिल्या: ‘मी मंडईच्या आत जात नसे, दाराशी उभा राहत असे. नकाशाबाबतची माझी हरकत चुकीची होती.’ आणि खाली सही केली.

चार दिवसांनी विद्यापीठाने पत्रकाची पुरवणी पाठवली. वीस तारखेची बैठकही खुली, म्हणून तिचीही सूचना त्यात होती. कविसंमेलन आणि फुलपाखरं यांच्या मधोमध: ‘भाग्यश्री ढोके यांच्या प्रबंधावरील श्रोत्याच्या हरकतीबाबत खुलासा. सर्वांना प्रवेश.’ खाडिलकरांचा लगेच फोन आला. गटातले सगळे येणार होते. मी त्यांना खरा प्रकार सांगितला. ते म्हणाले, की पत्र दिलंत ना, मग पुरे, प्रत्यक्ष जायची काय गरज, तब्येतीचं कारण सांगा, त्या दिवशी तिथे कोण विचारणार आहे. हा मोह मला दोन दिवस पुरला. तब्येतीची कारणं या वयात शोधावी लागत नाहीत.

पण गेलो. परीक्षक या वेळी पडद्यावर होते, त्यांच्या गावाहून. भाग्यश्री कागद घेऊन बाजूला उभी होती. वडील आले नव्हते, पुन्हा एवढा प्रवास त्यांना झेपला नसावा. गटातले चौघे दुसऱ्या रांगेत. माझं पत्र वाचून दाखवण्यात आलं आणि मला उभं राहायला सांगितलं. इतक्या वर्षांत त्या सभागृहात हात वर न करता मी पहिल्यांदाच उभा राहिलो.

परीक्षकांनी विचारलं, “मग पन्नास वर्षांचा अनुभव म्हणालात, तो कशाचा?”

“दाराशी उभं राहण्याचा,” मी म्हणालो. “भाजी माझी पत्नी आत जाऊन आणत असे. जे मला बाहेरून दिसायचं तीच मंडई असं मी धरून चाललो. या मुलीने जे काढलं आहे ते बरोबर आहे. मी नंतर स्वतः आत जाऊन पाहून आलो.”

मागे कोणीतरी हसलं. खाडिलकर नव्हते, ते जमिनीकडे पाहत होते. परीक्षकांनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न भाग्यश्रीला विचारला. दहा मिनिटांत संपलं. निकाल जाहीर झाला, निकालाचं पत्र दुसऱ्या दिवशी मिळेल असं डॉ. करंबेळकरांनी सांगितलं. चोवीस तारखेला अजून चार दिवस होते. टाळ्या वाजल्या, त्यांत मीही वाजवल्या आणि मला मनापासून बरं वाटलं.

सगळे पांगल्यावर मी व्हरांड्यात भाग्यश्रीला गाठलं आणि माफी मागितली. ती संकोचून म्हणाली, की राहू द्या सर, झालं ते झालं, तुम्ही आलात हेच खूप झालं. ती आधी वडिलांना फोन करणार होती, मोबाइल हातातच होता. मी निघायला हवं होतं. पण एक गोष्ट मला दहा दिवस टोचत होती, ती विचारल्याशिवाय जाववेना. मी विचारलं, की त्या दिवशी तुम्ही उत्तर का दिलं नाहीत. खरोखर शंका होती का?

“नाही सर,” ती म्हणाली. “मुक्ताईंनी त्या रांगेतली फरशी न् फरशी मला दाखवली होती. सासू कुठे बसायची, जाऊ कुठे बसायची, सगळं. उत्तर अगदी ओठांवर आलं होतं.”

“मग?”

“तुम्ही इतकं ठामपणे म्हणालात ना. मला वाटलं, एवढे मोठे सर सांगतात, तर माझंच काहीतरी चुकलं असणार.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. एवढं सांगून ती फोन लावत जिन्याकडे गेली, आणि खालून तिचं “बाबा, झालं” असं ऐकू आलं. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. चौतीस वर्षं मी वर्गात शिकवलं, आणि ठाम आवाज ही माझी ख्याती होती. त्या आवाजासमोर उत्तर येत असूनही किती मुलं खाली बसली असतील, हा प्रश्न मला पडला. आणि तो कोणाला विचारायचा, ते मला कळेना.